टॅटू काढताय? निदान या चुका तरी टाळा

गणपती जवळ आले की आमच्या धंद्यात ठरलेला फोन येतो. “दादा, विसर्जनाच्या आधी होईल ना?” होईल की. काढायला दोन तास लागतात. जखम भरायला किती दिवस लागतात, ते कुणी विचारत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी ढोलपथकातला एक पोरगा अनंत चतुर्दशीच्या तीन दिवस आधी आला. कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला त्रिशूळ हवा होता. ढोलाचा पट्टा बरोबर तिथेच घासतो. मी नको म्हणालो. तो म्हणाला, नाहीतर दुसऱ्याकडे जातो. आणि मी काढला. म्हणजे पुढे जे झालं त्यातली अर्धी चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो.

मिरवणुकीत दुपारपासून पहाटेपर्यंत वाजवलं. घाम, पट्टा आणि वरून गुलाल. घरी गेल्यावर आजीने मायेने हळद आणि खोबरेल तेल थापलं. सहाव्या दिवशी दारात आला तेव्हा शर्ट कातडीला चिकटलेला होता. भिजवून सोडवला, तर खाली पिवळा पू, भोवती लाल चट्टा, हात लावला तर गरम. अंगात ताप. तसाच स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवला. गोळ्या-औषधांनी वाचला, पण त्रिशुळाचं मधलं टोक गेलं ते गेलंच. तिथे आता नुसता उंचवटा आहे.

आजीची चूक नाही. भाजी चिरताना बोट कापलं तर हळद चालते असं ती आयुष्यभर बघत आली. पण टॅटू म्हणजे एक काप नव्हे. मशिनची सुई मिनिटाला शेकडो-हजारो वेळा आत जाते, साधारण एक ते दोन मिलिमीटर. तळहाताएवढं ताजं खरचटलेलं अंग म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. त्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड कशाला?

मी क्लायंटला एवढंच सांगतो: टॅटूवर मी चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म मी सांगेन तेव्हा काढा. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, आपला स्वतःचा धुतलेला हात. टॉवेल नको, टिश्यूने टिपून घ्या. क्रीम इतकं पातळ की लावलंय असं वाटू नये. लोक लोणी फासल्यासारखं फासतात, मग खपली ओली राहते. खाज सुटली तर वरून थोपटा. खपली नखाने काढलीत तर तिच्याबरोबर शाईही येते आणि टच-अपचे पैसे मी मागणार. दोन-तीन आठवडे तलाव, नदी, स्विमिंग पूल काही नाही. वरून बरं दिसलं तरी आतली त्वचा पुढे दोन-तीन महिने सावरत असते.

दुसरी चूक माझी खास नावडती: दीड इंचात राजमुद्रा.

महाराजांबद्दलचं प्रेम कळतं, माझंही आहे. पण “प्रतिपच्चंद्रलेखेव”पासून “राजते”पर्यंत ३२ अक्षरं आहेत, तीही र्धि, ष्णु, र्वि, श्व अशी एकामागून एक जोडाक्षरं. अष्टकोनात बसवून मनगटावर काढली की पहिल्या दिवशीच्या फोटोत झकास दिसतात. इन्स्टाग्रामवर जे बघता ते सगळे पहिल्या दिवसाचेच फोटो असतात. पाच-सात वर्षांनी ‘ष’चं पोट भरतं, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच दिसायला लागतात आणि मुद्रेच्या जागी काळा बिल्ला उरतो. असे बिल्ले दर महिन्याला कव्हर-अपसाठी, म्हणजे वर दुसरा टॅटू काढून झाकायला, माझ्याकडे येतात.

कारण शरीर शाई नुसती ठेवून देत नाही. वरची कातडी महिन्याभरात झडून नवी येते. शाई असते तिच्या खालच्या थरात. तिथे संरक्षण करणाऱ्या पेशी ती परकी म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी तिला गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. ही देवाणघेवाण चालते म्हणून टॅटू टिकतो, आणि वर्षागणिक रेषा पसरते तीही या हालचालीत. माझ्या आजीच्या कपाळावरचे गोंदणाचे ठिपके म्हातारपणी हिरवट आणि जवळजवळ दुप्पट झाले होते, तरी ठिपकेच दिसायचे. गोंदणाऱ्या बाईला हे अनुभवाने ठाऊक होतं: ठिपके, तुळस, मोकळ्या रेषा. तिने कुणाच्या हातावर श्लोक लिहिला नाही.

माझा नियम: देवनागरी अक्षर आठ मिलिमीटरपेक्षा लहान नाही. पटत नसेल तर नुसता अष्टकोन काढा.

शाईचे काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही जातात. हाताचा टॅटू असेल तर काखेतली गाठ रंगलेली सापडू शकते. उद्या कसली तपासणी किंवा ऑपरेशन निघालं तर डॉक्टरांना टॅटूचं आधी सांगा.

आता भराभर. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त, आणि ती वर्षांनीही उठते. लाल हवाच असेल तर आधी एक ठिपका काढून थांबा. कान टोचल्यावर गाठ आली होती? मग केलॉइडचा, म्हणजे व्रणाची गाठ वाढत जाण्याचा, धोका आहे, छाती आणि खांदा विसरा. कोड किंवा सोरायसिस असेल तर सुई लागते तिथे नवा चट्टा उठू शकतो, आधी डॉक्टर. तिळावर टॅटू नको, पुढे तीळ बदलला तर दिसणार नाही. जत्रेतली ‘काळी मेंदी’ टॅटूपेक्षा सुरक्षित नाही, तिच्यात बहुधा केस रंगवायचं रसायन असतं आणि त्याने फोड येतात. उपाशीपोटी येऊ नका, घेरी येते. पिऊन आलात तर परत पाठवतो. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान नाही.

बधिर करायचं क्रीम ऑनलाइन मागवून, मांडीभर फासून, वर प्लॅस्टिक गुंडाळून येणारे वाढलेत. कातडीवाटे ते औषध रक्तात जातं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, मार्च २०२४ मध्ये अशा जास्त ताकदीच्या क्रीमांबद्दल इशारा दिला. हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत आणि फिट येण्यापर्यंत मजल जाते. माझ्याकडे घरून क्रीम लावून आलात तर ते पुसून टाका आणि दुसऱ्या दिवशी या.

आणि नवशिके कलाकार. दीड-दोन हजारांचं किट, चार व्हिडिओ आणि मित्राचा हात. यांची सुई हमखास खोल जाते. शाई चरबीत उतरते आणि रेषेभोवती निळसर सावली पसरते. त्याला ब्लोआउट म्हणतात. पातळ कातडीवर, म्हणजे मनगटाच्या आत किंवा घोट्यावर, तर ठरलेलाच. तो सहजासहजी पुसता येत नाही. ग्रे शेडसाठी शाईत नळाचं पाणी घालणारेही मी पाहिलेत. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये कंपनीने तयार करून दिलेल्या ग्रे शाईतून लोकांना मायकोबॅक्टेरिया नावाच्या जंतूंचा संसर्ग झाला होता, म्हणजे सीलबंद बाटलीतूनही होतं, आणि हे नळ उघडतात. मी पहिले आठ महिने नुसत्या नकली कातडीवर रेषा मारल्या. आजकाल आठ दिवस सांगितले तरी पोरं तोंड वाकडं करतात.

त्या त्रिशूळवाल्याचा गेल्या आठवड्यात मेसेज आला. मधलं टोक दुरुस्त करायचंय, गणपतीच्या आधी जमेल का म्हणून. दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.