थंडीत घोड्याचं पाणी तुटू देऊ नका

मार्गशीर्ष लागला की घोडेवाल्यांचा हंगाम सुरू होतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार, पाठोपाठ लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, अधूनमधून लग्नाच्या तिथी आणि नाताळापासून ३१ डिसेंबरपर्यंत माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला पर्यटकांची रीघ. घोड्याचं काम, प्रवास आणि अवेळी खाणंपिणं याच दिवसांत सगळ्यात जास्त होतं आणि नेमकी तेव्हाच थंडी पडते.

आपल्याकडची थंडी घोडा सोसतो. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरला, तरी अंगावर केस भरलेलं आणि पोटभर चारा मिळालेलं धडधाकट जनावर तग धरून राहतं. त्याला आडवं पाडतात त्या दोन गोष्टी: पाणी कमी पिणं आणि खुराकात एकदम केलेला बदल. मालक झूल घालतात, शेकोटी पेटवतात, अंगाला तेल चोळतात. पण बादलीत किती पाणी उरलं हे सकाळी कुणी पाहत नाही. म्हणून सुरुवात पाण्यापासून करू.

साडेतीनशे किलोचं जनावर नुसतं उभं असलं तरी दिवसाला वीस ते तीस लिटर पाणी पितं. पावसाळ्यात ते हिरवं गवत खातं, त्या गवतातच बरंचसं पाणी असतं. डिसेंबरात चारा वाळतो, कडबा आणि सुकं गवत सुरू होतं. म्हणजे पोटात कोरडा माल जास्त जातो, पाण्याची गरज वाढते आणि त्याच वेळी गार पाणी नको वाटून घोडा तोंड काढून घेतो. मग मोठ्या आतड्याच्या वळणावर सुका चारा अडकतो आणि घोडा पोट धरतो. घोड्याला उलटी होत नाही. पोटात जे अडकलं त्याला वरून वाट नसते, म्हणून हे दुखणं गाईम्हशींच्या पोटफुगीपेक्षा जिवावर लवकर बेततं.

उपाय साधा आहे. रात्रभर हौदात किंवा प्लास्टिकच्या टाकीत राहिलेलं पाणी पहाटे बर्फासारखं लागतं. विहिरीतून किंवा बोअरमधून तेव्हाच उपसलेलं पाणी मात्र कोमट असतं. मोटार सुरू केल्यावर पहिलं पाणी जनावराला पाजा, मग पिकाकडे वळवा. वीज रात्री-बेरात्री येत असेल तर चुलीवर एक पातेलं तापवून बादलीत मिसळा. हात घातला की कोमट वाटावं, एवढं पुरे. चंदीबरोबर, म्हणजे दाण्याच्या खुराकाबरोबर, रोज मुठीपेक्षा थोडं कमी, साधारण ३० ग्रॅम, साधं मीठ द्या, त्यानं तहान लागते. मीठ देताना पाणी समोर असलंच पाहिजे. हरभरा भिजवून, गव्हाचा कोंडा कालवून द्या. कोरडी चंदी तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, भरून टांगू नका.

पाणी पुरतंय की नाही हे लीद सांगते. चांगल्या घोड्याची लीद दिवसातून आठ ते बारा वेळा पडते, गोळे ओलसर असतात आणि जमिनीवर पडताच फुटतात. गोळे बारीक, कठीण झाले, पडून तसेच घरंगळले किंवा त्यांच्यावर शेंबडासारखा चकाकता थर दिसला, तर आतडं कोरडं पडू लागलंय असं समजा. त्या दिवशी चंदी निम्मी करा, कोमट पाणी दोन-दोन तासांनी दाखवा, घोडा फिरवा. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट, कोरडी लागली किंवा रंग परतायला वेळ लागला तर डॉक्टरांना बोलवा.

चाऱ्याबाबत एक समजूत घट्ट बसली आहे की थंडीत हरभरा-बाजरी वाढवली की अंगात ऊब येते. ऊब मुख्यतः चाऱ्यातून येते. सुका चारा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्या आंबण्यातून तासन्‌तास उष्णता निघत राहते. कडाक्याच्या रात्री सुकं गवत दोन-तीन किलो जादा टाका, चंदी वाढवू नका. एरवी वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा हवाच, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो. वजनकाटा कुठून आणायचा? टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या कुल्ल्याच्या, टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो. जंताच्या औषधाचा डोस डॉक्टर विचारतील तेव्हा हाच आकडा सांगा.

बुरशी लागलेला मका घोड्याला कधीही घालू नका. गुरांना चालतो म्हणून घोड्याला घातला, तर त्यातल्या बुरशीच्या विषानं मेंदू सडतो आणि जनावर भिंतीला डोकं लावून उभं राहतं. त्यावर इलाज नाही. कोंबडीखाद्यही घोड्यापासून दूर ठेवा. त्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असू शकतात. ती कोंबडीला फायद्याची, पण घोड्याच्या काळजाला थोड्या प्रमाणातही घातक. पोल्ट्री आणि तबेला एकाच आवारात असेल तर पोती वेगळ्या खोलीत, दार लावून ठेवा. लसूणघास सकाळच्या दवानं ओला असताना कापून टाकू नका, थोडा सुकू द्या.

हिवाळ्यात केस वाढले की बरगड्या दिसत नाहीत आणि घोडा भरलेला वाटतो. डोळ्यावर विसंबू नका, बरगडीवरून हात फिरवा. चारा पुरेसा असूनही जनावर खंगत असेल, मधूनमधून ताप येत असेल, पोटाखाली किंवा पायांवर सूज उतरली असेल, तर सरा तपासून घ्या. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्यांनी पसरवलेला हा रोग बऱ्याचदा थंडीत लक्षात येतो. म्हातारा घोडा चारा चघळून गोळे बाहेर टाकत असेल तर त्याचे दात घासून घ्यावे लागतील. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती बॉटमाशीची अंडी. घोड्यानं ती चाटली की अळ्या पोटात जातात. माश्या कमी झाल्यावर, म्हणजे आत्ताच, त्यावर घोड्याला जंताचं औषध देण्याची वेळ असते.

आता बाजाराकडे वळू. सारंगखेड्याला मारवाड, काठेवाड, पंजाबातून जनावरं येतात. रात्रभर ट्रकमध्ये, तोंड वर बांधलेलं, समोरून गार वारा. घोडा मान खाली घालून नाकाघशातला चिकटा बाहेर टाकतो; तासन्‌तास मान वर बांधली की तो चिकटा फुप्फुसात उतरतो आणि घोडा गाडीतून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. घोडा घेऊन परतताना चार-पाच तासांनी गाडी थांबवा, दोर सैल करा, मान खाली घालू द्या, पाणी दाखवा. समोरून ताडपत्री लावा, पण मागचा भाग मोकळा ठेवा. विकणाऱ्याला विचारा की हा काय खातो, आणि जमल्यास तोच चारा आठवडाभराचा बरोबर आणा. नवीन चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळायचा.

आणलेला घोडा थेट जुन्या घोड्यांच्या दावणीला बांधू नका. तीन आठवडे बांधायची जागा वेगळी, बादली वेगळी, अंग घासायचा खरारा वेगळा. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. घोड्याचं नेहमीचं तापमान ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असतं. जबड्याखाली गाठ, खोकला, नाकातून पाणी दिसलं तर लगेच दाखवा. २००८-०९ मध्ये घोड्यांचा इन्फ्लुएन्झा देशभर पसरला, तो अशाच ये-जा करणाऱ्या जनावरांमुळे.

ग्लँडर्सबद्दल जास्त गांभीर्यानं बोलायला हवं. २००६ साली हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला. नाकातून पिवळट चिकट पू, नाकपुडीच्या आत व्रण, पायांच्या आतल्या बाजूला गाठी फुटणं ही त्याची लक्षणं. तो माणसाला होतो आणि माणसाचाही जीव घेतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. बाधित जनावरावर उपचार न करता त्याला शासनातर्फे दयामरण दिलं जातं. म्हणून सौद्याआधी रक्ततपासणीचा दाखला मागा. दात पाहून वय ओळखता, भोवरे पाहून शुभ-अशुभ ठरवता, तर त्याच्या आधी हा कागद पाहा. तपासणीचं मुख्य केंद्र हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. रक्ताचा नमुना तुमच्या तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना पाठवतो. संशयित घोड्याच्या नाकाला उघड्या हातानं शिवू नका.

बाजारात उठून दिसावा म्हणून पहाटे घोड्याला नदीवर धुण्याची घाई असते. धुवायचंच तर भर दुपारी, उन्हात, आणि लगेच गोणपाटानं चोळून कोरडं करायचं. केस भादरलेल्या घोड्याला, म्हाताऱ्याला, रोडाला, आजाऱ्याला आणि शिंगराला झूल हवी. बाकीच्यांचे केस उभे राहून हवा धरतात, तीच त्यांची झूल; पातळ चादर टाकून आपण ते केस चपटे करतो. टाकलेली झूल दवानं भिजली असेल तर ती नसलेलीच बरी. पहाटे झुलीखाली हात घाला, ओलं लागलं तर काढून टाका.

तबेला वाऱ्याच्या बाजूनं बंद करा, पण वरची खिडकी उघडी राहू द्या. चारही बाजूंनी ताडपत्री आवळली की लघवीचा उग्र वास आत कोंडतो. तो जमिनीजवळ जास्त असतो आणि माणूस उभा असल्यानं त्याला कळत नाही. शिंगराच्या नाकाइतकं खाली उकिडवं बसून पाहा. डोळे चुरचुरले तर आतली हवा खराब आहे. शेकोटीच्या धुराचंही तेच. माणसं शेकतात आणि घोडा रात्रभर धूर ओढतो.

वरातीच्या घोडीचे हाल सगळ्यात जास्त. दोन तास डीजेच्या भिंतीपुढे नाचून ती घामानं निथळते. नवरदेव उतरला की तिला लॉनच्या मागच्या अंधारात झाडाला बांधतात आणि तिला सांभाळणारा मोतद्दार जेवायला जातो. घाम तिथेच वाऱ्यात गार होतो. कुणी कौतुकानं बुंदी, पुऱ्या, भात पुढे करतं. हे थांबवलंच पाहिजे. उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, जीन काढून पाठ कोरड्या गोणपाटानं चोळा, मग बांधा. गरम अंगावर पाणी पाजू नये असं मानतात, पण तहानलेलं ठेवणं जास्त वाईट. थोड्या-थोड्या अंतरानं पाच-सहा घोट पाजत राहा. पुरी, भात, गोड काही नको. पिठूळ आणि गोड अन्न एकदम पोटात गेलं की पोट आंबतं आणि खुरांच्या आत दाह होतो. मग घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो. कितीतरी चांगली जनावरं अशी कायमची लंगडी झाली आहेत.

थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या हातातला पाव आणि बिस्किटंही त्याच कारणासाठी नकोत. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलो ओझ्याची मर्यादा आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असंही त्यांत आहे. ओझं सामानाचं की माणसाचं, पाठीला दोन्ही सारखंच जड. वजनदार गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणा.

घोडा जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, लोळू लागला, लीद बंद झाली, तर चारा समोरून काढा आणि डॉक्टरांना फोन करा. शासकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तोवर त्याला सावकाश चालवा, दमवू नका. बांबूच्या नळीनं किंवा बाटलीनं तेल, ताक, काढा काहीही ओतू नका. ते श्वासनळीत जातं आणि पोटाचं दुखणं बरं झालं तरी घोडा फुप्फुसानं जातो. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून पोटापर्यंत नळी घालून देतात.

खिळा लागला, तार लागली, तर जखम लहान असली तरी घोड्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. सगळ्या पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडतो.

घरातल्या, वस्तीवरच्या कुत्र्या-मांजरांसाठीही हे दिवस अवघड. घोड्यानं थुंकलेली जंताच्या औषधाची पेस्ट कुत्रा चाटतो. त्याच्या वजनाच्या मानानं ते विष ठरतं, म्हणून औषध देताना कुत्रा बांधून ठेवा. नाताळाच्या केकमधले मनुके, चॉकलेट, कांद्याचा रस्सा, शिजवलेल्या कोंबडीची हाडं हे काहीच त्याला नको. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मारक. रात्री ट्रॅक्टर किंवा जीपच्या गरम इंजिनावर मांजर चढून बसतं, सकाळी स्टार्टर मारण्याआधी बॉनेटवर थाप मारा. पिल्लांना पहिले दोन आठवडे अंगाची ऊब धरता येत नाही. त्यांना जमिनीवर न ठेवता भुसा भरलेल्या पोत्यावर, आईसकट आडोशाला ठेवा. ३१ तारखेच्या फटाक्यांच्या वेळी कुत्रा घरात घ्या.

गव्हा-हरभऱ्यात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडची आमिषं ठेवण्याचेही हेच दिवस. आमिष बिळात खोल टाकून तोंड बुजवा. उरलेलं आमिष आणि मेलेले उंदीर पुरून टाका, कारण मेलेला उंदीर खाऊनही कुत्रा मरतो. कुत्र्याच्या तोंडाला लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास आला, उलट्या झाल्या, तर या विषावर उतारा नाही हे ध्यानात ठेवून एक मिनिटही घालवू नका. दूध पाजण्यात, लिंबू पिळण्यात वेळ न दवडता कुत्र्याला गाडीत उघड्या खिडकीजवळ घ्या, कारण पोटातून निघणारा वायू माणसालाही बाधतो. उंदराच्या औषधाचं पाकीट खिशात घालून दवाखाना गाठा.