गूगल क्लासरूममधले कोर्स मूडलवर नेताना

"पुढच्या सत्रापासून सर्व विषय मूडलवर असतील" अशी नोटीस कॉलेजात लागली की बहुतेक प्राध्यापक एका रात्रीत गूगल क्लासरूममधलं सगळं उचलून मूडलवर, म्हणजे कोर्स चालवायच्या या दुसऱ्या ऑनलाइन प्रणालीवर, टाकतात. तसं करू नका. घर बदलताना आपण माळ्यावरची अडगळ टेम्पोत भरत नाही, मग इथे पाच वर्षांपूर्वीच्या सूचना आणि एकाच नोट्सच्या चार प्रती कशासाठी न्यायच्या?

हे काम उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत करा. चालू सत्राच्या मध्यावर जागा बदलली तर निम्मी मुलं जुन्या ठिकाणी असाइनमेंट जमा करतात आणि निम्मी नव्या. सुरुवात एकाच विषयापासून करा. तो नीट बसला की बाकीच्यांना वेळ लागत नाही.

आधी जुनं सुरक्षित ठेवा

क्लासरूममधून मूडलमध्ये एका बटणात कोर्स जात नाही. नोट्स, गुण आणि मुलांचं लेखन वेगवेगळं काढावं लागतं. गुण गूगल शीटमध्ये किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) फाइल म्हणून उतरवता येतात, ते पहिल्यांदा करा.

मुलांच्या कामाबाबत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. विद्यार्थ्याने असाइनमेंट जमा केली की त्या फाइलची मालकी शिक्षकाकडे येते, पण तपासून परत केली की ती पुन्हा विद्यार्थ्याकडे जाते. गूगलने २०२२ पासून शैक्षणिक संस्थांच्या साठवणुकीवर मर्यादा घातली. त्यामुळे उत्तीर्ण होऊन गेलेल्यांची खाती काढून टाकावी लागतात आणि त्यांच्यासोबत या फाइलीही जातात. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, नमुने लागणार असतील तर आत्ताच उतरवून घ्या.

मराठी मजकूर: इथे घाई नको

आमच्या कॉलेजात सर्वांत जास्त वेळ यातच गेला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या कितीतरी नोट्स आणि प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या मजकुराच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, फॉन्टमुळे तो फक्त मराठी दिसतो. मूडलच्या पानावर चिकटवला की उरतात ती निरर्थक चिन्हं. पीडीएफ केली तर डोळ्यांना ठीक दिसते, पण त्यात एकही मराठी शब्द शोधता येत नाही. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडरही ते वाचू शकत नाही. आपल्या नोट्स एका मुलाला ऐकूच येत नसतील तर त्या ऑनलाइन ठेवून काय उपयोग?

म्हणून असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, बदला. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते. 'धार्मिक', 'दुसऱ्या', 'ऑक्सिजन' अशा शब्दांवर नजर ठेवून प्रत्येक पान एकदा वाचाच.

प्रश्नसंच

क्लासरूममधल्या चाचण्या गूगल फॉर्ममध्ये असतात, त्या थेट मूडलच्या क्वेश्चन बँकेत (प्रश्न साठवायच्या जागेत) येत नाहीत. बहुपर्यायी प्रश्नांसाठी ऐकेन हा सोपा फॉरमॅट आहे. एका ओळीत प्रश्न, खाली इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डी लावून पर्याय, आणि शेवटी इंग्रजी कॅपिटलमध्येच 'आन्सर', कोलन (:), बरोबर पर्यायाचं अक्षर. प्रश्न आणि पर्याय खुशाल मराठीत लिहा. फाइल नोटपॅडमधून यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आधी पाच प्रश्न चढवून पाहा, मग पाचशे.

मुलांची नावं

विद्यार्थ्यांची यादी सीएसव्हीने चढवतात. इथे एक्सेल घात करतो. रोल नंबरच्या सुरुवातीची शून्यं तो खातो, आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) पंधरा अंकांहून मोठा असेल तर पुढचे अंक शून्य करून टाकतो. तो आकडा परत मिळत नाही. म्हणून आकडे टाकण्याआधीच तो कॉलम 'टेक्स्ट' करा. यादी सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

व्हिडिओ कॉलेजच्या सर्व्हरवर चढवू नका. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून लिंक द्या. नोट्स ड्राइव्हच्या लिंकऐवजी प्रत्यक्ष फाइल म्हणून मूडलवर ठेवा. ड्राइव्हची परवानगी कुठेतरी अडकते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांचे फोन येतात.

विद्यार्थी होऊन पाहा

मूडलमध्ये शिक्षकाला विद्यार्थ्याची भूमिका घेऊन पान बघता येतं, पण तेवढ्यावर थांबू नका. एक खोटं विद्यार्थी खातं उघडा, ते साध्या मोबाइलवर चालवा, चाचणी सोडवा, फाइल जमा करा. आमची बरीच मुलं एसटीने ये-जा करतात आणि गावात रेंज धड नसते. मूडलच्या मोबाइल ॲपवर नोट्स उतरवून ऑफलाइन वाचता येतात, हे पहिल्याच तासाला वर्गात करून दाखवा. चाळीस पानांची एक जड पीडीएफ देण्यापेक्षा प्रकरणागणिक लहान फाइली दिल्या तर त्यांना खरोखर सोपं जातं.

कोर्स लागला की त्याचा मूडलमधूनच बॅकअप घ्या. दुसऱ्या तुकडीसाठी किंवा पुढच्या वर्षासाठी तो वापरायचा असेल तर बॅकअप घेताना विद्यार्थ्यांची माहिती वगळा, म्हणजे एका वर्षाच्या मुलांचे गुण दुसऱ्या वर्षाच्या कोर्सात जाणार नाहीत.

जुना क्लासरूम डिलीट करू नका, आर्काइव्ह करा. त्याआधी तिथे शेवटची सूचना म्हणून मूडलची लिंक टाका. एटीकेटी लागलेल्या, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या, मुलांना जुन्या अभ्यासक्रमाच्या नोट्स अजून एक-दोन वर्षं तरी लागतील.