टेक्निकल रायटिंग शिकायचंय? आधी कमांड स्वतः चालवून बघा

कोर्समध्ये मिक्सरचं मॅन्युअल लिहायला लावतात. सर वाचतात, दहापैकी सात देतात, फाइल कपाटात. ते मॅन्युअल वाचून आजवर कुणी चटणी वाटलेली नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, ओपन सोर्स प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनवर शिका. तिथला वाचक खरा असतो आणि अडला की सरळ इश्यू टाकतो, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर तक्रार नोंदवतो.

गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत), पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) एवढं येत असेलच. नसेल तर घरी बसून शिका, त्यासाठी क्लास लावू नका. 'प्लेसमेंट गॅरंटी'वाला तर नकोच नको.

आता सापळा. नवीन माणूस आधी भाषेला हात घालतो. लांब वाक्य तोड, स्वल्पविराम टाक, पॅसिव्ह काढ. पान देखणं होतं आणि सूचना चुकीची ती चुकीचीच राहते. माझा पाय इथेच अडकला. एका पायथन प्रकल्पाचं इन्स्टॉलेशनचं पान होतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) बनवायची पायरी माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालायची, म्हणून मी फक्त तिचं इंग्रजी घासूनपुसून लख्ख केलं. रिव्ह्यूत एवढंच विचारलं: कोऱ्या मशीनवर चालवलंत का? उबुंटू लिनक्सवर पायथन असतो, पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं पॅकेज सहसा वेगळं टाकावं लागतं. ते नसेल तर कमांड तिथेच मान टाकते. माझ्याकडे ते कधीचं पडलेलं होतं; मूळ पान लिहिणाऱ्याकडेही असणार.

तेव्हा डॉकरमध्ये कोरा कंटेनर उघडा, म्हणजे लॅपटॉपच्या आतच कोऱ्या मशीनसारखी वेगळी जागा मिळते. डॉकरच्या उबुंटू इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरच्या तयार साच्यात, पायथनही नसतो आणि अ‍ॅडमिनचे अधिकार देणारं सुडोही नसतं, त्यामुळे पानाने काय काय गृहीत धरलंय ते पटापट बाहेर येतं. कमांड पानावरूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका, कारण सवयीचा हात चूक न सांगता दुरुस्त करतो. कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह छापलेलं असेल तर तेही सोबत येतं आणि 'कमांड नॉट फाउंड' दिसतं. नवख्या वाचकाचा अर्धा तास त्यातच जातो! अशी एक पायरी दुरुस्त केलीत तरी ती शंभर स्वल्पविरामांना भारी आहे.

शॉर्टकटचं काय होतं ते 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये दिसलं. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीचा हा ऑक्टोबरातला उपक्रम; ओपन सोर्स प्रकल्पांना पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. फुकटच्या टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत, 'अमेझिंग प्रोजेक्ट' असलं काहीबाही घुसडलं. मेन्टेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, इतके वैतागले की डिजिटलओशनला ऑक्टोबरातच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरावे लागले. किरकोळ पुल रिक्वेस्टकडे अजूनही संशयाने बघतात ते उगाच नाही.

मात्र तुमचं काम पंधरा दिवस तसंच पडून राहिलं तर मनाला लावून घेऊ नका. बरेच मेन्टेनर नोकरी सांभाळून हे करतात. आणि लिंक्डइनवर 'प्लीज गाइड मी' करत मेन्टॉर शोधण्यापेक्षा त्याच प्रकल्पातल्या बंद झालेल्या पुल रिक्वेस्टवरच्या चर्चा वाचा. काय नाकारलं आणि का, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. असाइनमेंट वर्डच्या फाइलमध्ये घेऊ नका, गिटच्या रिपॉझिटरीत घ्या. तपासायला आधी वर्गातलाच दुसरा विद्यार्थी बसवा. त्याच्या लॅपटॉपवर पायऱ्या शेवटपर्यंत चालल्या नाहीत तर मर्जही नाही आणि मार्कही नाहीत.