फुकट आलेल्या लिपस्टिकचा पण हिशोब ठेवा

नोकरी सांभाळून मेकअप-फॅशनचे रिव्ह्यू करत असाल तर स्वॅचेसचे (म्हणजे हातावर लावून बघितलेल्या शेड्सचे) फोटो रविवारी सकाळी एकदमच काढून ठेवा, खिडकीजवळ, घरातला पिवळा बल्ब बंद करून, नाहीतर न्यूड (त्वचेच्या रंगाची) शेड पण केशरी दिसते आणि मग लोक विचारत बसतात की हा नेमका कुठला रंग.

पण खरी भानगड असते ती ब्रँडकडून येणाऱ्या पार्सलची. पैसे घेतले नसले तरी वस्तू फुकट आलीये ना, मग तसं पोस्टमध्ये सुरुवातीलाच लिहायचं, खाली पंचवीस हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही (सगळे तेच करतात म्हणा), एएससीआयचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) हे नियम २०२१ पासून आहेत. आणि जुलै २०२२ पासून एकाच ब्रँडकडून आर्थिक वर्षात २० हजारांच्या वर माल आला आणि तो तुम्ही स्वतःकडेच ठेवला तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) लागतो, रिव्ह्यू करून परत पाठवला तर नाही लागत. लिपस्टिकने एवढं होत नाही, पण हेअर ड्रायर, स्ट्रेटनर, पैठणी असलं काही आलं की आकडा भराभर चढतो. त्यामुळे मोबाईलमध्ये एक साधी शीट करा, तारीख, ब्रँड, किंमत, ठेवलं की परत केलं, आणि परत केलं असेल तर कुरियरची पावती फोटो काढून तिथेच चिकटवा.