परतीच्या पावसानंतर स्टार्टर मारण्याआधी इंजिनाच्या तेल-चेंबरचा नट ढिला करा

सोलापूर-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू पट्ट्यात रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान पेरून व्हावी लागते. परतीचा पाऊस उघडून काळ्या रानाला वाफसा आला की हातात मोजकेच दिवस उरतात. नेमकं तेव्हाच ट्रॅक्टरचं इंजिन जाम होतं आणि पेरणी हुकते. पावसाळाभर उभ्या इंजिनाच्या तेलात पाणी उतरलेलं असतं आणि कुणी बघितलेलं नसतं.

पाणी शिरायच्या वाटा साध्या असतात: तेल भरायच्या टोपीचं गेलेलं रबर, अर्धवट बसवलेली डिपस्टिक, टोपी नसलेला उभा सायलेन्सर, नदीकाठच्या इंजिनाला लागलेला पूर. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाला बसतं. तेलपंपाची जाळीही तळालगतच असते. डिपस्टिकला मात्र वरचं चांगलं तेल लागतं, म्हणून ती बघून निर्धास्त होऊ नका.

तपासणी सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना करा. ट्रॅक्टर सपाट जागी लावा. चेंबरच्या तळाचा ड्रेन नट काढू नका, फक्त ढिला करा आणि पहिलं पाव लिटर पारदर्शक बाटलीत धरा. निव्वळ पाणी असेल तर तेच आधी येतं. बाटली दिवसभर हलवू नका. पाणी, त्यावर राखाडी गाळ, वर तेल असे थर दिसतील. शंका उरली तर तापलेल्या तव्यावर, डिझेलपासून लांब, एकच थेंब टाका. तडतडला की पाणी आहे. तोंड बाजूला ठेवा. तळचा गाळ बोटांत चोळा. खरखरला तर धूळ शिरली आहे, म्हणजे एअर क्लीनर बघा. चुंबकाला न चिकटणारे पिवळे-तांबूस कण बहुधा बेअरिंगचे असतात. तेव्हा रान सोडून आधी मिस्त्री.

दुधाच्या चहासारखं तेल निघालं तर इंजिन अजिबात फिरवू नका. रेडिएटरचं पाणी कमी झालंय का बघा. झालं असेल तर बहुधा हेड गॅस्केट किंवा लायनरचं रबर गेलंय, नुसतं तेल बदलून पैसे वाया जातील. सायलेन्सरमधून पाऊस आत गेल्याचा संशय असेल तर इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवा. सिलिंडरमधल्या पाण्यावर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तेलपंपाची जाळी बुजल्याची खूण: सुरू केल्यावर तेलाचं प्रेशर उशिरा येतं आणि रेस वाढवली की चढण्याऐवजी उतरतं. इथे नवा फिल्टर उपयोगाचा नाही, तो पंपाच्या नंतर असतो आणि जाळी पंपाच्या आधी. तेलपंप असलेल्या एक सिलिंडरच्या इंजिनाला बाजूचं झाकण असेल तर जाळी तिथून निघू शकते. ट्रॅक्टरचा चेंबर बहुधा पुढच्या एक्सलचा भार पेलतो, म्हणून तो बांधावर खोलू नका. जाळी डिझेलमध्ये ब्रशनं धुवा, चिंधीनं पुसू नका, धागे अडकतात. उजेडात धरून फाटली का बघा. सक्शन पाइपचं रबर नवंच घाला, नाहीतर पंप हवा ओढेल. सिलिकॉन पातळ लावा, जास्तीचा तुकडा सुटून पुन्हा जाळीतच येतो.

दुकानदार फ्लश आणि महागडं ‘ट्रीटमेंट’ पुढे करतो. जुन्या इंजिनात फ्लश घातला तर भिंतींवरचा गाळ एकदम सुटून जाळीवर बसतो, म्हणजे पैसे देऊन बिघाड विकत घेणं. त्यापेक्षा त्याच ग्रेडचं साधं तेल भरा, बिनभाराचं १५ मिनिटं चालवा, गरम असतानाच सोडून द्या, मग कायमचं तेल भरा. हे कंपनीच्या पुस्तकात नाही, पण पाणी लागलेल्या इंजिनाला मानवतं.

बाकीची कामं:
– तेल: पुस्तकातला ग्रेड, बहुधा १५ डब्ल्यू ४०
– बदल: पुस्तकातल्या तासांनी, पाणी निघालं तर लगेच
– तेलासोबत फिल्टर
– ड्रेन नटाला नवं तांब्याचं वॉशर
– ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) साफ
– सायलेन्सरला टोपी

काढलेलं तेल ओढ्यात, विहिरीकाठी ओतू नका. आणि रोटाव्हेटर जोडण्याआधी प्रेशरचा काटा एकदा बघा. सुरू केल्यावर पाच-दहा सेकंदांत तो उठला नाही तर इंजिन तिथंच बंद करा.