शिक्षकांची अभ्याससहल: मोहाच्या झाडाखाली दोन ऋतू

उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा धडा आला की वर्गात ॲमेझॉनचं चित्र लागतं. दाट हिरवं, बारमाही पावसाचं. पण कर्कवृत्त बडोद्याच्या उत्तरेला, प्रांतिज-हिंमतनगरच्या बाजूने जातं. म्हणजे आपण स्वतःच उष्ण कटिबंधात राहतो, आणि आपल्या वाट्याचं जंगल आहे शुष्क पानझडीचं: चार महिने पाऊस, बाकी वर्ष कोरडं. ते बघायला केरळ किंवा अंदमान गाठायची गरज नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातून पहाटे निघालं तर सकाळच्या नाश्त्याला आपण जांबुघोड्याच्या जंगलात असतो. मी विज्ञान शिकवते आणि शिक्षकांच्या अशा सहली ठरवते. ज्यांना आपल्या शाळांसाठी हे करायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी ठिकाणांची यादी कापा. चांपानेर, पावागढ, वढवाणा, स्टॅच्यू ऑफ युनिटी असं सगळं दोन दिवसांत कोंबलेलं पत्रक माझ्याकडे दरवर्षी कुणीतरी मंजुरीला आणतं. त्यात शिक्षक बसमध्येच जास्त बसतात. वढवाण्याचा तलाव सुंदर आहे. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला, आणि 2021 पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. पण तो हिवाळ्यातल्या पाहुण्या पक्ष्यांसाठी. त्याची सहल डिसेंबर-जानेवारीत वेगळी काढा. जंगलासाठी जांबुघोडा आणि छोटा उदेपूर एवढंच धरा, आणि तिथेच दोनदा जा: एकदा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेच झाड, तीच पायवाट. कोरड्या प्रदेशातलं जंगल एका भेटीत समजत नाही, कारण त्याची सगळी गोष्टच ऋतूंमधल्या फरकात आहे.

होळीच्या दिवसांत मात्र जाऊ नका. कवांटच्या बाजूला तेव्हा ‘घेर’ ही जत्रा भरते, सगळा आदिवासी पट्टा ढोल-बासरी घेऊन बाहेर पडलेला असतो. तो त्यांचा सण आहे. वह्या-पेन घेतलेल्या आपल्या गटाकडे बघायला तेव्हा कुणाला वेळ नसतो, आणि असूही नये.

जांबुघोडा अभयारण्य 1990 साली जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे 130 चौरस किलोमीटर. बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत, म्हणून वन खात्याच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाशिवाय पायवाटेवर उतरायचं नाही. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करा, सोबत सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडा, आणि निदान तीन आठवडे आधी द्या. मुक्कामाला कडा तलावाकाठचं वन खात्याचं कॅम्प चांगलं पडतं. वीसपेक्षा जास्त शिक्षक नेऊ नका. मोठ्या गटात मागच्यांना काही ऐकू येत नाही, मग ते गप्पा मारतात.

आता मार्चमधली पहाट. मोहाचं झाड या दिवसांत जवळजवळ निष्पर्ण असतं आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लटकतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोचा. फुलं टपटप पडत असतात, मलईच्या रंगाची, जाड, रसाळ. एक उचलून प्रत्येकाला हातात धरायला सांगा आणि नखाने उघडायला लावा. आत पुंकेसर सापडतात, बीजांडकोश सापडत नाही. तो वर फांदीवरच राहिलेला असतो आणि पुढे त्याचं फळ होतं. म्हणजे पाकळ्यांचा हा गोड पेला वटवाघळांनी रात्री खाल्ला किंवा इथल्या राठवा आदिवासी बायकांनी सकाळी टोपलीत भरला, तरी झाडाच्या फळधारणेला धक्का लागत नाही. पुढे फळातल्या बियांचं तेल निघतं. एका झाडावर माणूस, वटवाघूळ आणि झाड असे तिघंही कसे निभावतात, हे इथे पाच मिनिटांत दिसतं. सातवीच्या शिक्षकांना मी परागीभवनाचा धडा इथेच उघडायला लावते.

त्याच झाडाखाली काळी राख दिसली तर तीही दाखवा. पडलेली फुलं पटकन दिसावीत म्हणून काही ठिकाणी खालचा पाचोळा पेटवतात, आणि त्यात कोवळी रोपं जळतात. यावर भाषण देऊ नका. फुलं वेचणाऱ्या मावशींनाच विचारा. काही घरी झाडाखाली जुन्या साड्या अंथरतात, काही नुसतं झाडून घेतात. कोण काय करतं आणि का, हे त्या नीट सांगतात.

नंतर सुतळीने जमिनीवर एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखा. एक मोहाखाली, एक उघड्या माळावर. पाचोळ्याची जाडी मोजा, मातीत थर्मामीटर खोचा, वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधा. सकाळी सातला आणि दुपारी एकला तेच आकडे पुन्हा. नळीचा बोटभर तुकडा हळूच उचलला की कामकरी वाळव्या धावत येऊन भोक लिंपायला लागतात. थंडी नाही, दव नाही, तरी इतका पाचोळा कुठे जातो, याचं उत्तर बरंचसं या किड्यांच्या पोटात आहे. गणिताच्या शिक्षकांना या आकड्यांचा आलेख द्या, ते खूश होतात.

ऑगस्टमध्ये त्याच चौकटीवर परत या. आता गुडघाभर झाडोरा, साग फुललेला, आणि पावसाळा सरत आला की सागाची पानं अळ्यांनी खाऊन जाळीदार झालेली. जाळी झालेलं पान वहीत दाबून न्यायला मात्र वनरक्षकाला विचारा. अभयारण्यातून काहीही उचलायचं नसतं.

संस्कृतीचा भाग वेगळा ‘कार्यक्रम’ म्हणून ठेवू नका. मोह, ताडी, मध, नांगर, घोडे हे सगळं पिठोऱ्याच्या, म्हणजे पिठोरा देवाच्या चित्राच्या, भिंतीवर आहेच. राठवा घरात नवस फेडायला ओसरीची भिंत लिंपून पिठोरा काढतात, आणि बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, विधीत एकेक आकृती तपासतो. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. ही देवाची जागा आहे. चपला बाहेर, पाठ भिंतीला टेकवायची नाही, घरधन्याने होकार दिल्याशिवाय मोबाईल बाहेर काढायचा नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा ‘तुमच्याकडे मिळते का’ असले प्रश्न कुणीही करणार नाही, हे बसमध्येच बजावा. ‘आमच्यासाठी छोटासा विधी करून दाखवा’ ही मागणी तर अजिबात नको. चित्र हवं असेल तर कापडावर, कागदावर काढणाऱ्या कलाकारांकडून विकत घ्या. परेशभाई राठवांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून चित्रकलेच्या शिक्षकांना ही परंपरा निदान नावाने माहीत झाली आहे.

भिंत बघायला जाण्याआधी छोटा उदेपूरजवळच्या तेजगढला अर्धा दिवस द्या. बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेने उभी केलेली आदिवासी अकादमी तिथे आहे, आणि तिचं ‘वाचा’ संग्रहालय. तिथली मंडळी समजावून सांगतात. आधी पत्र पाठवून वेळ ठरवा.

पैशांबद्दल माझं मत पक्कं आहे. शहरातून आणलेल्या व्याख्यात्याला जे मानधन देतो, तेवढंच जंगलातल्या वाटाड्याला आणि मोह दाखवणाऱ्या मावशींना द्यायचं, त्याच पावतीपुस्तकावर, ‘मार्गदर्शक’ असं लिहून. वर्गणी तेवढी जास्त काढा. शिक्षक कुरकुरत नाहीत, फक्त आधी सांगावं लागतं.

परत आल्यावर अहवाल मागू नका. अहवाल फाइलीत जातो. प्रत्येकाकडून आपल्या इयत्तेचा एकच पाठ मागा, पंधरा दिवसांत वर्गात घेतलेला. ज्यांच्या मुलांना जंगलात नेता येणार नाही त्यांनी शाळेजवळचं किंवा कमाटीबागेतलं एक झाड धरावं आणि दर शनिवारी मुलांकडून पानं, कळ्या, फळं नोंदवून घ्यावीत. वडसुद्धा चालेल, बडोद्यात त्याला तोटा नाही.

आणि ज्या घरांत बसून आपण चहा प्यायलो तिथे फोटोंच्या छापील प्रती दिवाळीआधी पोचवा. दिवाळीनंतर त्या भागातली बरीच माणसं मजुरीसाठी बाहेरगावी जातात, घरं बंद असतात.