सॅव्हाना मॉनिटर पाळताय? या चुका टाळा

आधी कायद्याचं बोलू. बांधावरची, विहिरीच्या कपारीतली आपली घोरपड घरात ठेवायची नाही, पिल्लू असलं तरी नाही. ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. खानापूरच्या रानातलं पिल्लू 'फॉरेनचं' म्हणून गळ्यात मारणारे भेटतात, आणि मग घेणाराही तितकाच अडकतो. हा लेख सॅव्हाना मॉनिटर या आफ्रिकेतल्या घोरपडीबद्दल आहे. त्याचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा 'कागद नंतर देतो' म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

आता सगळ्यात घातक चूक: चिकन.

टिळकवाडीतल्या एका पोरानं मला फोटो पाठवला, "दादा, कसा गुबगुबीत झालाय बघा की!" रोज बोनलेस चिकन, वर उकडलेलं अंडं. जाऊन बघितलं तर पोट जमिनीला घासत होतं, शेपटीच्या बुडाशी चरबीच्या वळ्या, मागचे पाय फरफटत होते. खालचा जबडा हलकेच दाबला तर रबरासारखा वाकला. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, त्यामुळे शरीर स्वतःच्याच हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. जनावर वाचलं, पण कणा कायमचा वाकडा राहिला. पोराची माया खरी होती. पण किडे पाळायचा कंटाळा, म्हणून फ्रीजमधलं काढून घालायचं, हे मला पटत नाही.

रानात हा प्राणी रातकिडे, नाकतोडे, वाणी, विंचू, गोगलगायी यांवर जगतो. माझ्याकडे रातकिडे आणि झुरळं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये वाढतात. त्यांना गव्हाचा कोंडा, गाजर आणि पालेभाजीचे देठ. जनावराला घालण्याआधी किडे कॅल्शियम पावडरमध्ये घोळवतो. उंदीर कधीतरीच. पावसाळ्यात ऊस-सोयाबीनच्या रानातून गोगलगायी वेचून आणू नका, तिथं औषध मारलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे माशांची काचपेटी, तळाला वर्तमानपत्र आणि वर एक लाल बल्ब. बेळगावात जून ते सप्टेंबर ऊन दिसायची मारामार, डिसेंबरात पहाटे पारा १५ अंशांच्या खाली. अशा हवेत हे जनावर खातं, पण खाल्लेलं पचत नाही. शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग ५० ते ६० अंश हवा आणि पेटीची दुसरी बाजू २८ च्या आसपास. हात लावून 'गरम हाय की' म्हणू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. एका मोठ्या बल्बपेक्षा कमी वॉटचे दोन-तीन हॅलोजन शेजारी लावले की डोक्यापासून कमरेपर्यंत सारखी ऊब मिळते. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब, वेगळी लावा. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही.

आणि माती! हा बिळात राहणारा प्राणी आहे. पूर्ण वाढ झालेल्याला ८ × ४ × ४ फुटांची बंदिस्त लाकडी पेटी आणि तिच्यात किमान दोन फूट माती लागते. मी आपली तांबडी माती वाळूत मिसळतो आणि मुठीत दाबली की गोळा राहील इतकी ओलसर ठेवतो. नुसत्या वाळूत बीळ ढासळतं. वरून उघड्या पेटीत ऊब आणि ओल दोन्ही उडून जातात, जनावर आतून वाळत जातं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. घरात एवढी जागा नसेल तर घेऊच नका.

हीट रॉक, म्हणजे विजेवर तापणारा दगड, नको, पोट भाजतं.

पाण्याचं भांडं अंग बुडेल एवढं मोठं ठेवा आणि त्यात घाण दिसली की लगेच बदला.

आणल्या दिवसापासून हातात घेऊन रील काढू नका, महिनाभर तरी त्याला लपू द्या.

सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर जनावर आणण्याआधीच शोधा. गाई-म्हशींचा डॉक्टर गल्लोगल्ली मिळतो, पण यासाठी हुबळी, कोल्हापूर किंवा पुण्यापर्यंत चौकशी करावी लागेल.